कूलरचे पाणी आणि ‘बघून घेतो’: सोसायटीच्या ग्रुपवरील गैरसमजाविषयी

नागपूरच्या मनीषनगर भागातील ६२ सदनिकांच्या एका सोसायटीच्या सचिवांनी प्रश्न पाठवला आहे. मे महिन्यात तळमजल्यावरील एका ज्येष्ठ सभासदांनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिले की, वरच्या घरातील कूलरचे पाणी रात्रभर आमच्या बाल्कनीत गळते, याकडे कोणी लक्ष देणार आहे की नाही? रात्री अकराच्या सुमारास सचिवांनी उत्तर दिले, ‘बघून घेतो.’ काकांनी ते धमकी म्हणून वाचले आणि ‘कोणाला बघून घेता?’ असे विचारले. मग इतरांनी बाजू घेतल्या, दोन तासांत सत्तरच्या वर संदेश जमले, तीन जण ग्रुप सोडून गेले आणि गेले तीन आठवडे काका सचिवांशी बोललेले नाहीत. आता काय करावे, पुन्हा असे होऊ नये म्हणून ग्रुपला कोणते नियम लावावेत आणि ॲडमिन म्हणून आपल्यावर कायदेशीर जबाबदारी येते का, असे त्यांनी विचारले आहे.

मी नागपुरात २२ वर्षे मध्यस्थीचे काम करते. शेजाऱ्यांचे, भावंडांचे आणि सोसायट्यांचे वाद माझ्याकडे येतात. सुरुवातीच्या काळात लोक पावत्या, नोटिसा आणि नकाशे घेऊन येत; आता दोन्ही बाजू टेबलावर मोबाईल ठेवतात आणि पहिला अर्धा तास संदेश वाचण्यात जातो. त्या वाचनाची माझी एक पद्धत ठरून गेली आहे. ज्याने संदेश लिहिला त्याला तो मोठ्याने वाचायला सांगायचा, आणि नंतर ज्याला तो लागला त्याला तोच संदेश जसा ऐकू आला तसा वाचायला सांगायचा. शब्द तेच असतात, पण दोन वाचने इतकी वेगळी निघतात की बऱ्याचदा खोलीतला आवाज तिथेच खाली येतो. तुमच्या प्रकरणात हा प्रयोग करण्याचीही गरज नाही, कारण ‘बघून घेतो’ या दोन शब्दांत दोन्ही आवाज आधीपासूनच बसलेले आहेत. मराठीत ‘लिहून घेतो’, ‘विचारून घेतो’ तसे ‘बघून घेतो’ म्हणजे मी स्वतः लक्ष घालून खात्री करतो. आणि त्याच मराठीत ‘एकेकाला बघून घेतो’ ही उघड धमकी आहे. समोरासमोर बोलताना मान हलते, आवाज खाली येतो, आणि ऐकणाऱ्याला क्षणभरही शंका येत नाही. पडद्यावर मात्र हे सारे गळून पडते आणि वाचणारा आपल्या मनात त्या वेळी जो आवाज असेल तोच त्या शब्दांना देतो. रात्रभर बाल्कनीतले पाणी पुसणाऱ्या माणसाच्या मनात त्या वेळी कोणता आवाज असेल, याचा विचार तुमच्या हातून राहून गेला. दोष असलाच तर एवढाच आहे.

लिहिणाऱ्याला हे सहसा का जाणवत नाही, यावर जस्टिन क्रूगर आणि निकोलस एप्ली या मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. काही वाक्ये गंभीरपणे आणि काही उपरोधाने ईमेलमधून पाठवायची, आणि घेणाऱ्याने कोणते कोणते आहे ते ओळखायचे, असा तो प्रयोग होता. आपला सूर सुमारे ७८ टक्के वेळा ओळखला जाईल असे पाठवणाऱ्यांना वाटले. प्रत्यक्षात तो ५६ टक्के वेळाच ओळखला गेला. नाणे उडवून सांगितले असते तरी निम्मी उत्तरे बरोबर आली असती, हे लक्षात घेतले म्हणजे ५६ हा आकडा किती कमी आहे ते कळते. तीच वाक्ये आवाजात ऐकवली तेव्हा अंदाज आणि परिणाम यांत फारसे अंतर राहिले नाही. आपण लिहितो तेव्हा आपला स्वतःचा आवाज आपल्या कानात चालू असतो, म्हणून तो कागदावरही उतरला आहे असे आपल्याला वाटते. ग्रुपवरच्या सभ्यतेची व्याख्या मी याच अनुभवावरून करते: वाचणाऱ्याने माझा हेतू ओळखावा अशी अपेक्षा न ठेवता तो शब्दांत कळवण्याचे काम लिहिणाऱ्याने स्वतःकडे घेणे. ‘कृपया’ आणि ‘धन्यवाद’ हे त्यानंतर येतात. ‘काकाजी, उद्या सकाळी नऊ वाजता प्लंबरला घेऊन तुमच्याकडे येतो’ या वाक्यात एकही आदरार्थी विशेषण नाही, तरी ते पुरेसे सभ्य आहे, कारण कोणाला, काय आणि केव्हा हे त्यात आले आहे.

तुम्ही पाठवलेले संदेश मी क्रमाने वाचले, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली, जिच्याकडे तुमचे लक्ष गेलेले नसावे. काकांची तक्रार आणि तुमचे उत्तर यांच्यामध्ये दुसऱ्या एका सभासदाचा संदेश आहे: ‘दर वर्षी तेच रडगाणे.’ तुम्ही काकांच्या संदेशाला बोट लावून, त्याच संदेशाखाली उत्तर दिले नाही. नुसते लिहून पाठवले. त्यामुळे ‘बघून घेतो’ हे शब्द तक्रारीखाली न बसता त्या टोमण्याखाली बसले. वाचणाऱ्याला ते टोमण्याचे पुढचे वाक्य वाटले, आणि तसे वाटणे स्वाभाविक होते. वेगाने चालणाऱ्या ग्रुपवर उत्तर नेहमी मूळ संदेश जोडूनच द्यावे, ही एकच सवय निम्मे गैरसमज टाळते, असे मी अनुभवाने सांगू शकते.

आपल्या शहराची भाषा हा यातला वेगळा आणि नाजूक भाग आहे. नागपूरच्या एकाच इमारतीत वऱ्हाडी बोलणारे, झाडीपट्टीतून आलेले, घरात हिंदी बोलणारे आणि बदली होऊन पुण्या-मुंबईहून आलेले असे सगळे शेजारी असतात. ‘काहून?’ म्हणजे ‘का?’, हा आपल्याकडे साधा प्रश्न आहे. पुण्याहून आलेल्या एका बाईंनी तो माझ्यासमोर ‘उद्धटपणे जाब विचारला’ म्हणून नोंदवला होता. मित्रांमधला ‘बे’ हा इथे जिव्हाळ्याचा शब्द आहे, पण तोच सत्तरीच्या माणसाच्या डोळ्यांसमोर लिहून आला तर अपमान होतो, मग तो त्यांच्यासाठी नसला तरी. ‘जी’ जोडल्याने मात्र वाक्य लगेच मऊ होते, आणि ही वैदर्भी देणगी आपण लिहिताना का टाकून देतो ते मला कळत नाही.

मराठीतले एक सर्वनाम तर ग्रुपसाठी विशेष धोक्याचे आहे. ‘आपण’ म्हणजे आदराने ‘तुम्ही’, आणि ‘आपण’ म्हणजे मी धरून सगळे. ‘आपण अजून देखभाल शुल्क भरलेले नाही’ असे ग्रुपवर आले की प्रत्येक वाचकाला ते आपल्यालाच उद्देशून लिहिले आहे असे वाटते, आणि ज्याने भरले आहे तो दुखावतो. या उत्तरात मी तुम्हाला जाणूनबुजून ‘तुम्ही’ म्हणत आहे, त्याचे कारण हेच. त्यातून मराठी रोमन अक्षरांत लिहिली की गोंधळ दुप्पट होतो. ‘के, ए, एल’ ही तीन अक्षरे मराठी माणूस ‘काल’ अशी वाचतो. हिंदी बोलणारा ‘कल’ वाचतो, आणि त्याच्या भाषेत त्याचा अर्थ गेलेला दिवसही होतो आणि येणाराही. पाण्याच्या टाकीच्या सफाईचा दिवस असा चुकून एका सोसायटीत एका कुटुंबाचा लग्नघराचा स्वयंपाक अडला होता आणि तो वाद माझ्यापर्यंत आला होता. वार आणि तारीख दोन्ही लिहावेत, आणि शक्य असेल तिथे देवनागरीत लिहावे. मोबाईलला बोलून लिहायला सांगत असाल तर पाठवण्यापूर्वी एकदा वाचून पाहावे, कारण तो नावे आणि अनुस्वार हमखास बदलतो.

चिन्हांबद्दल थोडक्यात सांगते. हसरा चेहरा जन्मला तोच गैरसमज टाळण्यासाठी. १९८२ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणकावरील चर्चेत कोणीतरी इमारतीच्या लिफ्टमध्ये पारा सांडल्याबद्दल थट्टेने लिहिले, ते काहींना खरे वाटू लागले, आणि तेव्हा स्कॉट फालमन यांनी सुचवले की विनोदापुढे विसर्ग, आडवी रेघ आणि कंस यांनी बनलेले हसू ठेवावे. आज तेच चिन्ह तक्रारीखाली कोणी ठेवले तर तक्रार करणाऱ्याला ते आपल्याला हसणे वाटते. अंगठ्याचे तसेच आहे. तरुण माणूस तो ‘वाचले, मान्य’ म्हणून देतो, आणि ‘अंगठा दाखवणे’ म्हणजे फसवणे अशी भाषा ज्यांच्या कानात आहे त्यांना तो तुसडेपणाने दिलेला निरोप वाटतो. त्याचा अर्थ किती दूर जाऊ शकतो याचे उदाहरण कॅनडातले आहे. तेथील सस्कॅचेवान प्रांतात जवसाच्या सौद्याचा करार मोबाईलवर पाठवला गेला, शेतकऱ्याने अंगठ्याचे चिन्ह पाठवले, आणि २०२३ साली न्यायालयाने ती सहमतीची सही मानून सुमारे ८२ हजार कॅनेडियन डॉलरची भरपाई द्यायला लावली. जोडलेले हातही नमस्कार, आभार, श्रद्धांजली आणि ‘आता पुरे करा’ अशी चार कामे करतात. तक्रारीला, आजारपणाला आणि मृत्यूच्या बातमीला शब्दांत उत्तर द्यावे, एवढे पाळले तरी चालते.

पण सगळ्या ग्रुपवरच्या वागण्यांत मला सर्वांत घातक वाटते ते नाव न घेता बोलणे. ‘काही लोकांना शिस्त नसते’, ‘ज्यांना समजायचे त्यांनी समजावे’, ‘नाव घेत नाही’ या वाक्यांना लिहिणारा सौजन्य समजतो, कारण त्याने नाव घेतलेले नसते. प्रत्यक्षात तो ६२ घरांना संशयात टाकतो. ज्याच्याविषयी लिहिले त्याला कळते आणि तो डिवचला जातो. ज्यांच्याविषयी लिहिलेले नाही त्यांतल्या चौघांना ते आपल्याविषयी वाटते. आणि कोणालाच उत्तर देता येत नाही, कारण उत्तर देणे म्हणजे ‘तो मीच’ असे कबूल करणे होते. तुमच्या त्या दोन तासांत असे ११ संदेश आहेत. काकांनी थेट प्रश्न विचारला होता आणि तो विचारण्याचा त्यांना हक्क होता. पेटवले ते या ११ संदेशांनी. ज्याच्याशी काम आहे त्याला नाव घेऊन वैयक्तिक संदेश पाठवावा किंवा त्याची बेल वाजवावी, आणि जे नाव घेऊन सांगण्याची आपली तयारी नाही ते ग्रुपवर लिहूच नये.

गप्प राहणाऱ्यांविषयीही लिहायला हवे. दोन निळ्या खुणा दिसल्या आणि उत्तर आले नाही की लोक ते दुर्लक्ष समजतात. नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारी दोनला माणूस पडदे ओढून झोपलेला असू शकतो, रुग्णालयात असू शकतो, गाडी चालवत असू शकतो. तातडीच्या गोष्टीसाठी फोन करावा. पदाधिकाऱ्यांनी मात्र वाचल्यावर एका ओळीची पोच द्यावी, कारण त्यांचे मौन सभासदाला नकार वाटते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. काकांना ग्रुपवर खुलासा लिहू नका. तिथे केलेला खुलासा साठ जण वाचतात आणि काकांना पुन्हा त्या साठ जणांसमोर उत्तर द्यावे लागते. ऊन उतरल्यावर त्यांच्या घरी जा, एकटे जा, आणि आधी कूलरविषयी बोला. गळणारी जागा स्वतः पाहा. टाकी भरल्यावर पाणी बंद करणारा फ्लोट अडकला असेल, वाळा नीट बसलेला नसेल, किंवा जादा पाणी जाण्याची नळी बाहेर मोकळी सोडलेली असेल. यांपैकी काही असेल तर ते तासाभराचे काम आहे आणि ते तीन आठवडे झालेले नाही, हे काकांचे खरे दुःख असण्याची शक्यता आहे. शब्दांचे भांडण बऱ्याचदा न झालेल्या कामावर उभे असते. त्यानंतर शब्दाविषयी बोला. ‘तुमच्या भावना दुखावल्या असतील तर माफ करा’ असे म्हणू नका. त्या ‘तर’मुळे चूक ऐकणाऱ्याकडे सरकते. ‘मी दुहेरी अर्थाचे वाक्य लिहिले, ते तुमच्या तक्रारीखाली दिले नाही, आणि त्याचा तुम्हाला त्रास झाला’ असे सरळ सांगा. काका रागावून काही बोलले तर ते पूर्ण होऊ द्या. मध्येच मोबाईल काढून जुने संदेश दाखवू नका. पुरावा दाखवायला लागलो की मध्यस्थी संपते आणि खटला सुरू होतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. ग्रुप सोडून गेलेल्या तिघांना न विचारता पुन्हा जोडू नका. एकेकाला फोन करा.

नियमांच्या बाबतीत मी तुम्हाला मोठी यादी देणार नाही, कारण २० नियम कोणी वाचत नाही आणि पुढे ते एकमेकांवर फेकण्यासाठीच वापरले जातात. सूचनांसाठी एक ग्रुप ठेवा, ज्यावर फक्त पदाधिकारी लिहितील. गप्पा, शुभेच्छा आणि फॉरवर्ड यांच्यासाठी दुसरा, ज्यात राहणे ऐच्छिक असेल. पाणीपुरवठ्याची सूचना वाढदिवसाच्या केकांखाली दडली की लोक चिडतात, आणि श्रद्धांजलीच्या मधोमध विनोद येऊन पडला की त्याची जखम वर्षानुवर्षे राहते. तक्रारींसाठी नोंदवही किंवा एक ठरलेला क्रमांक ठेवा. रात्री दहानंतर वादाच्या विषयावर कोणी लिहू नये, हा नियम मात्र आग्रहाने करा. इंटरनेट वापरणाऱ्यांसाठी १९९५ साली तयार झालेल्या शिष्टाचाराच्या मार्गदर्शिकेतही भावनेच्या भरात द्यायचे उत्तर एक रात्र थांबून पाठवावे असे सांगितले आहे. तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांनी संगणक पाहिलाही नव्हता. एकाच विषयावर दोघांची तिसरी फेरी सुरू झाली की ॲडमिनने ‘हे आता प्रत्यक्ष बोलू या’ असे लिहून वेळ द्यावी. चुकीचे लिहिले गेले तर १५ मिनिटांच्या आत संदेश दुरुस्त करता येतो. मात्र कोणी ते वाचून दुखावले असेल तर गुपचूप बदलू किंवा पुसू नये, कारण ‘हा संदेश हटवला आहे’ ही ओळ मागे राहते आणि तिच्यात लोक मूळ मजकुरापेक्षा वाईट मजकूर कल्पनेने वाचतात. तिथे दुरुस्तीचा दुसरा संदेश लिहावा. आणि ग्रुपवरच्या अंगठ्यांची मोजणी म्हणजे सभेचा ठराव समजू नये. खर्चाचा निर्णय रीतसर नोटीस देऊन बोलावलेल्या सभेत आणि इतिवृत्तातच व्हायला हवा.

कायद्याचा प्रश्न तुम्ही भीतीने विचारला आहे, म्हणून स्पष्ट सांगते. या विषयावरचा एक महत्त्वाचा निर्णय आपल्याच शहरात झालेला आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये असे म्हटले की, सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. त्या दोघांचा समान हेतू किंवा पूर्वनियोजन असल्याचे दाखवावे लागते. सभासद जोडणे आणि काढणे एवढाच ॲडमिनचा अधिकार असतो, मजकूर येण्यापूर्वी तो अडवू शकत नाही, हा त्यामागचा विचार होता. पुढे २०२२ मध्ये ॲडमिनला दुसऱ्याचा संदेश सर्वांसाठी हटवण्याची सोय मिळाली. त्यामुळे एखाद्याच्या जातीवर, धर्मावर किंवा घरातील स्त्रियांवर कोणी लिहिले तर तुम्ही तो मजकूर तत्काळ हटवावा आणि लिहिणाऱ्याशी त्याच दिवशी बोलावे, अशी अपेक्षा सभासदांनी ठेवली तर ती रास्त आहे, मग कायदा तुम्हाला त्यासाठी जबाबदार धरो वा न धरो. स्वतः लिहिलेल्या आणि पुढे पाठवलेल्या शब्दांची जबाबदारी मात्र ज्याची त्याची असते. तुमच्या ‘बघून घेतो’मध्ये मला गुन्ह्यासारखे काही दिसत नाही, आणि काकांच्या मनातही ते नसावे, त्यांना कोणीतरी दारापर्यंत यायला हवे आहे.

काकांशी बोलणे झाल्यावर, त्यांची संमती असेल तरच, ग्रुपवर एवढेच लिहा: ‘१२ तारखेला काकाजींनी कूलरच्या पाण्याविषयी केलेली तक्रार योग्य होती. माझे उत्तर अर्धवट आणि दुहेरी अर्थाचे होते, ती माझी चूक होती. आज आम्ही दोघांनी मिळून जागा पाहिली आणि गळती दुरुस्त करून घेतली. ज्यांच्या कूलरची नळी बाहेरच्या बाजूला आहे त्यांनी रविवारी सकाळी दहापर्यंत मला फोन करावा, प्लंबर येणार आहे. या विषयावर कोणाला बोलायचे असल्यास मी सायंकाळी सात ते आठ कार्यालयात आहे.’ तारीख तुमच्या नोंदीतून तपासून घाला. पाठवण्यापूर्वी हा मजकूर काकांना वाचून दाखवा, त्यांनी एखादा शब्द बदलायला सांगितला तर बदला, आणि त्याच रात्री बाल्कनी कोरडी आहे का, हे त्यांना फोन करून विचारा.